हिरव्या शाईचे मास्तर

ही गोष्ट ऐकून कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ज्याला ठेवायचा नसेल त्यानं खुशाल उठून जावं. पण अडुसष्टाव्या वर्षी लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस पीएच.डी. करत होता, आणि त्याचा प्रबंध ओळ न ओळ वाचून त्याच्याशी कडाकडा भांडणारा जो विद्वान होता, त्यानं जन्मात कधी चप्पल घातली नव्हती. कारण त्याला पायच नव्हते. शाई मात्र होती. हिरवी.

या लिफ्टवाल्यांनी चाळीस वर्षांत एवढे मजले चढवले-उतरवले होते, की तेवढ्यांची एकच इमारत बांधली असती तर गच्चीवरून चंद्राला कंदील टांगता आला असता. या सगळ्या खटाटोपात त्यांना एक गोष्ट खटकली होती. जिन्यात माणसं थांबून बोलतात. लिफ्टमध्ये तीच माणसं एकमेकांना चिकटून उभी राहतात आणि आकड्यांकडे बघतात. असं का, यावर त्यांचा प्रबंध.

बायको गेल्यावर लेकीनं त्यांना टॅब आणून दिला होता. डावीकडे जुन्या लेखांची पानं, उजवीकडे कोरा कागद, मध्ये एक रेघ. लिहिताना तळहात काचेवर टेकला तर टॅब त्याची दखलच घेत नसे, तेव्हा त्याला कळे ते फक्त पेनाचं टोक. जन्मभर हातावर पोट भरलेल्या माणसाला हे जरा लागलं. संध्याकाळी पाचशे शब्द भरले की काचेवर अक्षरं फुटत, ‘आजचं उद्दिष्ट पूर्ण! ही बातमी कोणाला कळवायची?’ खाली नावं तीनच. लेक, मार्गदर्शक बाई, आणि सुट्या भागांचं दुकान. दुकानानं एकदा उलट विचारलंही होतं, ‘कोणत्या मापाचं हवंय?’

मार्गदर्शक बाई तीन महिन्यांतून एकदा समासात ‘पाहिले’ एवढंच लिहीत. एका दुपारी लिफ्टवाल्यांना ते सहन झालं नाही. त्यांनी पेनाचा रंग बदलला आणि आपल्याच परिच्छेदाशेजारी हिरव्यानं खरडलं, ‘हे कशावरून?’

मग त्यांना त्या प्रश्नाचा असा राग आला, की निळ्यानं दीड पान उत्तर झालं.

दुसऱ्या दिवशी हिरव्यानं ते दीड पान खोडलं. तिथून जे जुंपलं, ते रोजचंच. हिरवे मास्तर खवचट. एकदा तर त्यांनी दोन सनांची अदलाबदल पकडली. लिफ्टवाले मनात म्हणाले, अरेच्चा, हा तर माझ्यापेक्षा हुशार निघाला!

लेक राहायची नऊ तासांच्या अंतरावर, आणि विद्यापीठ इकडे. तिनं फोनवर एकदाच काय ते सांगून टाकलं होतं. “बाबा, रोज तोंड उघडायला कोणी असेल तर राहा तिकडं. नाहीतर सामान बांधा. तो प्रबंध गेला खड्ड्यात.”

“कोणी नसायला काय झालं? वाचनालयात मास्तर असतात की,” लिफ्टवाले बोलून गेले.

एकदा जीभ सुटली की तिला ब्रेक कोण लावणार? मास्तर सात भाषांत शिंकू लागले. मास्तर इतक्या वेगानं वाचत, की टॅब तापून त्यावर चहाचा कप गरम राही. एकदा ते ‘चूक!’ म्हणून असे गरजले, की खालच्या मजल्यावर परीक्षेला बसलेल्या पोरीनं आपलं बरोबर उत्तर खोडलं.

आणि एका रविवारी दुपारी लेक न कळवता दारात उभी.

“कुठं आहेत तुमचे मास्तर? भेटू तरी.”

“दात काढायला गेलेत.”

“गेल्या महिन्यातही दातच काढत होते.”

“त्यांना दात फार गं.”

तिनं खोली पाहिली. एक खुर्ची. एक कप, धुऊन पालथा. दुसऱ्या खुर्चीचं काम वर्तमानपत्रांची थप्पी करत होती. तिनं टॅब मांडीवर घेतला आणि पानं सरकवू लागली. लिफ्टवाल्यांचा जीव टांगणीला लागला. आज हिनं मान डोलावली तर प्रबंध वाचला. नाहीतर उद्या ते तिच्या मागच्या खोलीत, व्यायामाच्या सायकलीशेजारी.

हिरवी अक्षरं वाचता वाचता लेक हसली. “छान भांडतात हो हे. आई भांडायची तसे.”

“मग! मी काय खोटं सांगतो?” लिफ्टवाल्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिथंच थांबायला हवं होतं. पण थांबेल तो लिफ्टवाला कसला! “हे वाक्य बघ, ‘शांतता म्हणजे भांडण नव्हे’. यावर आम्ही वाचनालयात अडीच तास वाद घातला. चाळीस माणसं गोळा झाली. दोघं तर टाळ्या वाजवून बेशुद्ध पडले.”

“हे वाक्य?” म्हणत लेकीनं त्यावर बोट टेकवलं.

टॅब खरखरला.

झालं होतं असं, की लिहायच्या पानाच्या कोपऱ्यात एक छोटा माइक असे, आणि दाबला की लाल होई. पॅनेलवरचा दिवा पेटल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, ही लिफ्टवाल्यांची चाळीस वर्षांची सवय. ते रोज आधी तो दाबून लाल करत आणि मगच लिहायला बसत. लिहिताना कानावर पडलेलं सगळं टॅब त्या त्या ओळीखाली साठवून ठेवतो आणि ओळीवर बोट टेकलं की ऐकवतो, हे त्यांना सांगणार कोण?

लिफ्टवाल्यांचा आवाज आला, “शांतता म्हणजे भांडणच असतं, मास्तर.”

मग त्याच घशातून जाडाभरडा काढलेला, “मुळीच नव्हे! पुरावा दाखवा.”

मग बराच वेळ काही नाही. पेनाचं काचेवर टकटक. नळाचा थेंब. एक खोकला.

“चहा टाकतो. घेणार ना?”

“अर्धाच,” जाडाभरडा म्हणाला.

लेकीनं टॅब बंद केला नाही. आत कपात चमचा फिरत राहिला. एकाच कपात. ती टॅबकडेच बघत म्हणाली, “खोटं, बाबा. मास्तर कोणी नाही. दोघंही तुम्हीच आहात.”