सव्वा मूठ

कपाशीच्या गाडीवरून पडून कुणी मरत नाही, असं आमच्या गावात म्हणत. बरोबरच म्हणत. मी तरी कुठे मेलो? भरलेल्या गाडीच्या अगदी टोकावर चढून, पाय पसरून, एरंडोलपर्यंत राजासारखा जाणार होतो. नाल्यात चाक कलंडलं आणि राजा पाठीवर पडला. धुळ्याच्या दवाखान्यात कण्याचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरून पाहिला आणि माझ्याकडे न बघता माझ्या धाकट्या भावाला, अभिमनला, बाहेर बोलावलं. तेव्हाच मी काय ते समजलो. कमरेखालचा लोटन पाटील नाल्यातच राहिला, वरचा तेवढा घरी आला.

ही सहासष्ट सालची गोष्ट. पाय गेले म्हणून मी फार रडलो नाही. लंगडे, पांगळे आमच्या गावात आधीही होते, त्यांना लोक चावडीवर बसवून तंबाखू देतात. मला खाल्लं ते दुसऱ्याच गोष्टीने. लघवी कधी होते हे मला कळत नाही. धोतर ओलं झालं की नाही, हे मला समोरच्याच्या चेहऱ्यावरून समजतं. बोलता बोलता माणूस एकाएकी आढ्याकडे बघायला लागला, की ओळखायचं. पाहुणा फारच सज्जन असला तर पिकापाण्याचं विचारतो. मग मी माणसंच टाळायला लागलो. कुणी येणार म्हटलं की सकाळपासून पाण्याला शिवत नसे. एकेकाळी पोळ्याला बैलापुढे नाचणारा मी, दारात चप्पल वाजली की गोधडी गळ्यापर्यंत ओढून झोपेचं सोंग घ्यायचो.

माझी बायको पुष्पा. कूस बदलणं, पाठीची जखम पुसणं, मेणकापड धुणं, सगळं तिच्या अंगावर. ती कुरकुरत करत नाही आणि गोड बोलूनही करत नाही. भाकरी थापावी तसं करते. माझं पाण्याचं नाटक तिने केव्हाच ओळखलं होतं. तांब्या आपटून म्हणायची, "पानी प्या. धोवानं माले शे, तुम्हले नही."

मला ते ऐकून आणखीच मेल्यासारखं व्हायचं.

एकाहत्तर साली कानबाईची पाळी आमच्या घरावर आली. कानबाई म्हणजे आमची श्रावणातली देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, सोमवारी नदीवर जाते. पण तिचं खरं काम आदल्या दिवशी असतं. रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, गहू घेतात. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ, पाळण्यातल्या पोराचीसुद्धा. घरात असलेल्याने आपल्या हाताने घालायची, परगावी असेल त्याच्या नावाने त्याच्या बायकोने नाहीतर आईने. ते गहू सवाष्णी दळतात आणि ज्या घरची पाळी, तिथली थोरली सून जात्यावर पहिली बसते. आजवर पाळी दुसऱ्यांकडे असायची. मी तिथे नसायचो, म्हणून माझी मूठ पुष्पा घालून यायची आणि कुणी काही विचारत नसे. यंदा जातं आमच्याच ओसरीवर मांडायचं होतं, माझ्या खाटेपासून हातभर अंतरावर.

आठवडाभर आधी अभिमनची बायको बेबाबाई ओसरी सारवायला आली. सारवून झाल्यावर तिने निखाऱ्यावर ऊद टाकला आणि धुपाटणं घरभर फिरवलं. देवघरापुढे एकदा, दारापुढे एकदा, आणि माझ्या खाटेभोवती पुन्हा पुन्हा. ती वाईट बाई नाही. काही बोललीही नाही. बोलली असती तर मी चार शिव्या हासडल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. मी डोळे मिटून पडलो आणि तो ऊद माझ्या नाकातोंडात गेला.

त्याच संध्याकाळी मी अभिमनला जवळ बोलावलं. म्हटलं, "कानबाईना दिवसे मनी खाट गोठामा ने. आनि मनी मूठ लेवानी नही. देवीना गहूले मना ओवळा हात नको."

तो पुष्कळ वेळ खाटेची सुतळी ओढत बसला. मग म्हणाला, "वहिनीले सांगं का?"

"तिले सांगानं नही," मी म्हटलं. सांगितलं असतं तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. मला वाटलं, मी फार मोठा त्याग करतोय. देवीचं सोवळं राहील, भाऊबंदांना नाक दाबायला नको, बायकोची मान खाली जायला नको. त्यागाची मोठी चव असते, रिकाम्या माणसाला तर फारच.

शनिवारी सकाळी पुष्पा नदीवर गेली तेव्हा अभिमनने आणि वनाने मला गोठ्यात नेलं. वना माझा चुलतभाऊ, अंगाने दांडगा, पण त्या दिवशी खाट उचलताना त्याची नजर जमिनीवरून हलली नाही. पुष्पा परत आली आणि रिकाम्या ओसरीकडे बघून गोठ्याच्या दारात उभी राहिली. मी म्हटलं, गर्दीत मला गुदमरतं. तिने तांब्या पुढे केला. मी मान फिरवली. पाहुणे येणार होते, पाणी कसं पिणार?

दुपारी ओसरी भरली. गोठा आणि ओसरी यांच्यामध्ये एकच मातीची भिंत, सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. सूप भिकुबाई अक्कांच्या मांडीवर असणार. अक्का आमच्या भाऊबंदकीत सगळ्यांत वडील आणि सोवळ्यात इतक्या कडक, की कोंबडी आडवी गेली तरी सुनांना पुन्हा अंघोळीला पाठवायच्या. त्या एकेक नाव घेत होत्या. उखर्डू. झुलाल. अभिमन. वना. प्रत्येक नावामागून सुपात गहू पडल्याचा आवाज येत होता. जिभेला कोरड पडली होती. मी म्हशीकडे बघत होतो, म्हैस माझ्याकडे. तिने आढ्याकडे नजर नेली नाही, एवढे तिचे उपकार.

नावं संपली. अक्कांचा आवाज आला, "लोटननी मूठ कोठे शे?"

मग अभिमन घसा खाकरत म्हणाला, "भाऊनी मूठ लेवानी नही. त्यासनीच सांगं शे."

"कसाले?"

"ओवळं व्हई म्हने."

अक्कांनी विचारलं ते रागाने नव्हे, रीत सांगावी तसं विचारलं, म्हणून जास्त लागलं. "मूठ कोनी लेतस नही? जो मरी गया त्यानी. लोटन मरी गया का?" आणि लगेच, "मंग तू कोनी सवाशीन शे वं, पुष्पा? जातावर कशी बठनी?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. देवाशपथ आलं नव्हतं. माझा वास, माझं धोतर, माझी लाज, याच्यापलीकडे मी पाच वर्षांत बघितलं होतं कुठे? स्वतःची मूठ काढून घेताना मी तिचं कुंकू पुसलं होतं, तेही सगळ्या भाऊबंदकीसमोर, तिला न विचारता.

भिंतीपलीकडे बांगड्या वाजल्या. ती उठली असणार. तिचा आवाज आला, अगदी हळू, तिच्या तोंडी कधी न ऐकलेला. "अक्का, दळाले दुसरीले बठाडा."

पुष्पा भांडली असती तर मी पडून राहिलो असतो. ती भांडली नाही. मी ओरडलो, "अभिमन! वना! मनी खाट बाहेर काढा!"

दोघे धावत आले. या खेपेला वना माझ्याकडे बघत होता. खाट उचलून त्यांनी मला अंगणातून ओसरीवर आणलं. उन्हाने डोळे दिपले, मग एकेक चेहरा दिसायला लागला. उखर्डूकाका आढ्याकडे बघत होते. बेबाबाई पदर चाचपत होती. झुलालने पावसाचं काहीतरी काढलं. मला समजलं. दिवसभर पाण्याचा घोट घेतला नव्हता, तरी व्हायचं ते झालं होतं. भर उजेडात, सगळ्या गोतापुढे. अंगावर ओढायला गोधडीसुद्धा नव्हती, ती गोठ्यातच राहिली होती. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. पण धरणीला माझ्याशी काय देणंघेणं, एकदा नाल्यात भेटलो तेव्हाच तिने हात वर केले होते.

एक पुष्पा तेवढी माझ्याकडे बघत होती. डोळे कोरडे, ओठ आवळलेले. इतका राग मी तिच्या तोंडावर कधी बघितला नव्हता, आणि तो माझ्या ओल्या धोतराचा नव्हता.

मी म्हटलं, "अक्का, मी वल्ला शे."

पाच वर्षांत मी हे तोंडाने पहिल्यांदा बोललो. झुलालचा पाऊस थांबला.

अक्कांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्यांनी हाकलून दिलं असतं तरी मी ब्र काढला नसता. त्या वैतागून म्हणाल्या, "हात कोरडा शे ना? मंग घाल ना. वखत चालना."

बेबाबाईने घाईघाईने माझ्या हातावर पाणी घातलं, पदराने हात पुसला. पुष्पाने गव्हाची टोपली उचलून खाटेशी आणली आणि माझ्यापुढे धरली. अक्कांनी सूप सरकवलं. मी मूठ भरली. चार दाणे मेणकापडावर सांडले. ते उचलायचे नाहीत एवढं मला कळत होतं. मूठ सुपात रिकामी केली आणि हात मागे घेऊन खाली बघत बसलो. लाज गेली नव्हती. ती तिथेच होती, ओल्या धोतरासारखी अंगाला चिकटून.

टोपली मात्र पुढून हलेना. मी वर बघितलं.

"पाव मूठ ऱ्हायनी," पुष्पा म्हणाली.