चांद्याचा खांदा

बनुआतेनं चांद्याच्या खांद्यावरच्या माश्या हाकलल्या आणि तोच हात कोंडाजीच्या तोंडासमोर नाचवला. "बग, रगत हाय! बैल नांगराला दिला व्हता तुला, का ट्रक वडायला?"

कोंडाजीला खोटं बोलायची सोयच नव्हती. कशेडीच्या घाटात चिखलात रुतलेला ट्रक त्यानं बैलांकरवी ओढून काढला, तेव्हा अर्धा गाव बघायला जमला होता. त्याच्याकडं एक बैल, बनुआतेकडं एक. दोघांची जोडी जमवून दोन्ही घरची शेती व्हायची. ट्रक निघाल्यावर ड्रायव्हरनं पाठ थोपटली, चहा पाजला, आणि हा गडी हॉटेलात फुशारक्या मारत बसला. जनावरं तोवर जू मानेवर घेऊन पावसात उभी. घरी आल्यावरही त्या सोललेल्या खांद्याकडं त्यानं ढुंकून पाहिलं नव्हतं.

देवळात गावकी बसली. गावकीचा म्होरक्या भागोजी म्हणाला, "आते, दंड लावू नि मिटवू."

"त्या दंडाचा तुमी च्या पिनार! माझ्या बैलाला काय त्याचा? खांदा भरून येईपरेंत चांद्या ह्याच्या गोठ्यात र्‍हाईल. ह्यानं त्याची चाकरी करायची नि माझ्या भाताच्या खाचराची चिखलनी कुदळीनं करायची. जमत नसंल, तर परत माझा बैल मागायचा नाय."

रोपं लावणीला आलेली, आणि एका बैलानं नांगर चालतो कुठं? कोंडाजीनं चांद्याला आपल्या गोठ्यात नेऊन बांधलं.

मग चांद्याची चैन सुरू झाली. खांद्याला हळद-तेल, पुढ्यात कोवळं गवत आणि भिजवलेली पेंड, माश्या येऊ नयेत म्हणून कडुनिंबाची धुरी. कोंडाजी दिवसभर कुदळ मारून कंबर धरत यायचा, तर बायको तुळजाबाई दारातच अडवायची.

"आधी त्याला घाला, मंग तुमचा ताट."

"अगो, बायको माजी का बैलाची?"

"बैल शाना हाय. हॉटेलात बसत नाय."

खांदा भरून आला, केस उगवले. उशिरा का होईना, जोडीनं कोंडाजीचीही लावणी उरकली. चांद्या आपल्या घरी गेला. संध्याकाळी आतेनं पुढ्यात पेंढा टाकला. त्यानं हुंगला, तोंड फिरवलं आणि हंबरून हंबरून वाडी डोक्यावर घेतली. सकाळी आतेनं बैल सोबत घेऊनच पुन्हा गावकी बसवली.

"ह्यानं माझा बैल बिघडवला! पेंडीबिगर घास घेत नाय. मी कुठनं आनू रोज?"

कोंडाजी उसळला. "हाल केलं तवा दंड, लाड केलं तवाबी दंड! मानसानं करावा तरी काय?"

भागोजी उपरण्यात तोंड लपवून हसत होता. आते मात्र हसली नाही. "ह्याचे नखरे माझ्याच्यानं व्हायचे नाय. आजपासनं बैल माझा, गोठा तुझा. चारा-पेंड तू घालायची, नि नांगर पयला माझ्या खाचरात. परत खांदा सोललास, तर—"

"कबूल!" तिचं बोलणं संपायच्या आत कोंडाजी ओरडला. घरबसल्या जोडी मिळत होती, त्याला आणखी काय हवं होतं?

देवळामागं बांधलेल्या चांद्यानं त्याचा आवाज ओळखला आणि हंबरला. कोंडाजी दावं सोडायला गेला, तर बैल त्याचा हात चाटायला लागला. सगळ्या गावकीसमोर कोंडाजीला भरून आलं. कुणाला कळू नये म्हणून तो बैलाला मोठमोठ्यानं शिव्या देऊ लागला.