वरची फळी

"आता डोळे मीट," मिस्त्री म्हणाले.

"मिटले."

"गाडी सुटली असं समज."

"अहो, कशी समजू? दूध ठेवलंय गॅसवर. ते उतू जायच्या आधी बंद करून या, मग सोडा तुमची गाडी."

मिस्त्री मुकाट्याने आत जाऊन गॅस बंद करून आले. पाहतात तो मिस्त्रीणबाई बाहेरच्या खोलीतल्या अरुंद फळीवर उताण्या पडलेल्या, हात पोटावर, डोळे गच्च मिटलेले. दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारख्या.

फळी मिस्त्रींनीच ठोकली होती. भिंतीला लागून खाली एक आणि तिच्यावर दुसरी, दोन साखळ्यांनी टांगलेली. आगगाडीच्या झोपायच्या डब्यात बाजूला वर-खाली जोडी असते ना, हुबेहूब तशी. खोलीवर माळा असल्यामुळे छत ठेंगणं, त्यामुळे वर झोपणाऱ्याच्या नाकापासून ते हातभरच उरत होतं. डब्यांच्या कारखान्यात मिस्त्रींची उभी हयात अशाच फळ्या बसवण्यात गेली होती. शेजारचे निवृत्त पोस्टमन सकाळी डोकावून म्हणाले, "मिस्त्री, भांडी ठेवायला एवढं मजबूत?" आणि खरं कारण कळल्यावर, "मग तिकीट तपासायला मी येऊ का?" म्हणून खो खो हसत गेले होते.

कारण साधं होतं. लेकीचे दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी तिला प्रवासाची मनाई केली होती. एरवी तीच यायची. या दोघांचे सगळे नातेवाईक एसटीच्या टप्प्यातले, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतता येईल असे. गाडीत रात्र काढायची वेळ दोघांवरही कधी आली नव्हती. लेकीचं गाव मात्र अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस दूर. जावयाने दोन तिकिटं काढून मोबाइलवर पाठवली, एक खालचं, एक वरचं. मिस्त्रीणबाई घाबरल्या. धावत्या गाडीत झोप कशी लागायची, कूस बदलली तर पडायला नाही का होणार? म्हणून मिस्त्रींनी ही तालीम काढली होती.

"अहो," मिस्त्रीणबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "आपण झोपलेलो असताना गाडी कुठून कुठून जात असेल?"

"नद्या येतील. डोंगर येतील. गावं येतील."

"आणि आपल्याला पत्ताच नाही?"

"झोपलेल्याला कसला पत्ता?"

"आणि चालवणाऱ्याला? मी मागे झोपलेय, हे माहीत असतं का त्याला?"

इतकी वर्षं कारखान्यात काढली, पण हे कधी मिस्त्रींच्या मनात आलं नव्हतं.

"म्हणजे बघा," मिस्त्रीणबाईंनी आता डोळे उघडले होते, "डबेच्या डबे भरून माणसं. कोण कुणाच्या ओळखीचं ना पाळखीचं. आणि सगळी जण खुशाल डोळे मिटून आडवी होतात. त्या एकाच्या भरवशावर! मी घराची कडी तीनदा बघते तेव्हा कुठे मला झोप येते."

त्या उठून बसल्या. भीती कुठल्या कुठे गेली होती आणि चेहऱ्यावर भलतंच नवल पसरलं होतं. "चला," त्या म्हणाल्या, "माझं झालं. आता तुमची पाळी. चढा वर."

"मला काय शिकवायचंय? माझा जन्म गेलाय त्यात."

घोडं नेमकं इथेच पेंड खात होतं. मिस्त्रींचा जन्म त्यात गेला होता हे खरं, पण फळीच्या खालून. कारखान्यात लागले त्या पहिल्याच आठवड्यात ते एकदा वरच्या फळीवर चढून आडवे झाले होते. डब्याचं छत छातीवर उतरतंय असं वाटलं, श्वास कोंडला, हातपाय लाकडाचे झाले. जोडीदार होता एक दाढीवाला. त्याने कमरेला धरून त्यांना खाली घेतलं, पाणी पाजलं आणि दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाला, "खालचं काम तुझं, वरचं माझं." निवृत्तीपर्यंत ती वाटणी चालली. मिस्त्री खाली उताणे पडून स्क्रू आवळायचे, दाढीवाला वरून गादी आणि रेक्झिन बसवायचा. मग वर वाळूची पोती टाकून फळीची परीक्षा व्हायची, आणि डबा पुढे जायचा. दाढीवाला दोन वर्षांपूर्वी गेला. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही.

मिस्त्रींनी तर बायकोलाही नाही. आणि आता तिचे गुडघे असे दुखरे, की वरचं तिकीट कुणाचं हे विचारायचीसुद्धा सोय नव्हती. त्यांनी दोन दिवस वरच्या फळीवर हत्यारांची पेटी ठेवली. "सरस वाळायचाय," म्हणाले. तिसऱ्या दिवशी सरस वाळल्याचं बायकोनेच बोट लावून पाहिलं.

"मी काय म्हणतो," मिस्त्रींनी घसा साफ केला, "तू एकटीच जा की. बाळंतपणात माझं काय काम? इथे घराला कुणीतरी पाहिजे. नळसुद्धा गळतोय."

"एकटी? मी?"

"जावई येतील ना स्टेशनवर घ्यायला."

भरून ठेवलेल्या पिशवीतून मिस्त्रीणबाईंनी बाळासाठी शिवलेली दुपटी काढली, एकेक हाताने सारखी केली आणि कपाटात ठेवून दिली. "राहू दे मग. जायचं तर दोघांनी. नाहीतर तिला फोन करून सांगा, आईला जमत नाही म्हणून." आणि भाजी आणायला निघून गेल्या.

दार लागलं. मिस्त्री बराच वेळ त्या कपाटाकडे बघत बसले. मग उठले, पेटी खाली घेतली आणि स्टुलावर पाय ठेवून वर चढले. एकदाचे आडवे झाले. छत समोर आलं. तेच छत, तोच कोंडलेला श्वास. उठून बसावं तर डोकं आपटत होतं, उतरावं तर पाय हलेना. मिस्त्रींनी साखळी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

मिस्त्रीणबाई परत आल्या तेव्हा ते तसेच होते, घामाने डबडबलेले.

"अहो! काय झालं?"

"उतरता येत नाहीये गं," मिस्त्री बारीक आवाजात म्हणाले. "मला कधीच जमलं नाही हे. कधीच नाही."

वर्षानुवर्षं टाळलेलं ते वाक्य शेवटी असं, छताकडे बघत बोललं गेलं. बायको हसेल असं त्यांना वाटलं होतं. तिने पिशवी खाली टाकली आणि त्यांचा पाय धरला.

"माझ्याकडे बघू नका. छताकडेही बघू नका. उजवा पाय सोडा. सोडा, मी धरलाय. आता डावा."

ते खाली आले. त्यांनी पाणी मागायच्या आधीच पेला पुढे आला.

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुझे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत ना? मग त्यांचं मी बघीन." असं म्हणून मिस्त्रीणबाईंनी कंबर कसली. एक पाय स्टुलावर, एक खालच्या फळीवर, तोंडाने "आई गं, आई गं" चाललेलं. मिस्त्री खालून नुसते हात पसरून उभे. साखळ्या करकरल्या आणि मिस्त्रीणबाई वर गेल्या. मग सगळं शांत.

"अगं, ठीक आहेस ना?"

"थांबा हो जरा."

मिस्त्री थांबले.

"इथून आपलं घर वेगळंच दिसतंय," वरून आवाज आला. "कपाटावर केवढी धूळ! आणि तुमचं टक्कल... मी समजत होते, थोडंसंच आहे." मग आवाज हळू झाला. "लहानपणी मी आमच्या पेरूच्या झाडावर चढून बसायचे. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. अशीच बसायचे."

मिस्त्रींनी मान वर केली. फळीच्या काठावरून बायकोचा चेहरा खाली बघत होता आणि त्यावर असं काही होतं, जे इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांना एकदम वाटलं, या बाईची आणि आपली अजून पुरती ओळखच झालेली नाही.

दुपटी परत पिशवीत गेली.

गाडी वेळेवर सुटली. मिस्त्रीणबाई वर चढल्या ते पाहून समोरच्या प्रवाशाने आपली खालची जागा देऊ केली. "नको हो," त्या वरूनच म्हणाल्या, "मला इथेच बरं वाटतं." थोड्या वेळाने दिवे मंद झाले. एकेक आवाज थांबत गेला आणि डबाभर अनोळखी माणसं एकमेकांच्या भरवशावर झोपी गेली. मिस्त्री खाली उताणे पडले होते. डोळ्यांसमोर वरच्या फळीची खालची बाजू होती. जन्मभर पाहिलेली, तेच स्क्रू, तीच पट्टी. फळी आपल्या हातची की दुसऱ्या कुणाच्या, कळायला मार्ग नव्हता.

"झोपलीस का गं?" त्यांनी विचारलं.

उत्तर आलं नाही. वर नुसती एक हालचाल झाली, आणि फळी मधोमध किंचित दबली.

वाळूचं पोतं कधी कूस बदलत नाही. आपण इतकी वर्षं काय करत होतो, ते मिस्त्रींना पहिल्यांदाच दिसत होतं. त्यांनी हात उचलून तळवा खालून फळीला टेकवला. ती पडेल म्हणून नव्हे. फळी पक्की होती. गाडी नदीवरच्या पुलावर चढली, खडखडाट वाढला, पुन्हा कमी झाला, आणि हात भरून आला तरी त्यांनी तो खाली घेतला नाही.