रिमोटला थंडी बाधली

आमच्या योंदोनला गाडीतलं काही कळत नाही, असं मी कधीच म्हणणार नाही. माझ्या नवऱ्याला गाडीतलं सगळं कळतं. फक्त गाडी चालू होत नाही.

नव्या वर्षाचा पहिला दिवस. उलानबातरची हाडं गोठवणारी थंडी, आणि माझ्या सासूबाई, खोरलो, नवा झगा घालून, थोरल्यांना मानानं द्यायची निळी रेशमी पट्टी, खदग, हातावर घेऊन सकाळपासून तयार. डोंगरापलीकडे त्यांची थोरली बहीण राहते, नव्वदीला टेकलेली. वर्षाच्या पहिल्या दिवशी थोरल्यांना भेटायचं, ही रीत. गेल्या वर्षी बर्फानं रस्ता बंद होता, जाणं राहून गेलं. "यंदा नाही गेले तर पुढच्या वर्षी भेटायला ताई असेल का?" हे आठवडाभर चाललं होतं. उजेडात पोचायचं तर लवकर निघायला हवं.

योंदोननं ऐटीत रिमोट दाबला. गाडी ढिम्म. पुन्हा दाबला. शेवटी चावी लावून दार उघडलं, तर तो जुनापुराणा अलार्म असा किंचाळला की सगळी बिल्डिंग खिडकीत आली. आणि रिमोटनं अलार्म बंद केल्याशिवाय इंजिन चालू होत नाही, अशी त्या अलार्मवाल्याची, चोरांच्या बापाची, हुशारी!

"रिमोटला थंडी बाधलीय," असं म्हणून योंदोन रिमोट काखेत धरून उभा राहिला.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे जांबालकाका आले. त्यांच्याकडे गाडी नाही, त्यामुळे सल्ले द्यायला वेळच वेळ. "अरे, हनुवटीला लावून दाब. डोक्यातून लहरी लांब जातात."

योंदोननं लावून दाबला. काही नाही.

"डोकं रिकामं असलं तर कुठून जातील लहरी?" मी म्हटलं.

"तू गप गं!"

मग त्यानं आमच्या वजनकाट्यातली बॅटरी काढून रिमोटच्या मागच्या झाकणाखाली घातली. तरी नाही. मग मोबाइलवर व्हिडिओ लागला. चावी फिरवा, बटण दाबून धरा, पुन्हा फिरवा. व्हिडिओ रशियन भाषेत. समजला अर्धा, केला मात्र पूर्ण. सगळे दिवे लुकलुकायला लागले आणि हॉर्न थांबेना.

प्रत्येक उपाय फसला की सासूबाई दुधाची लाकडी पळी घेऊन खाली येत. वाट शुभ व्हावी म्हणून प्रवासाला निघताना आम्ही दूध शिंपडतो. चाकांवर झालं, बॉनेटवर झालं. "याच्यामुळे अडलंय ना, यालाही देऊ दे थोडं," म्हणत रिमोटवरही झालं. आदल्या संध्याकाळी तयारीला म्हणून टेबलावर काढून ठेवला होता, तेव्हाही त्याला असंच सढळ हातानं मिळालं होतं.

धाकट्या दिराचा फोन आला, "आईला घेऊन जाऊ का?"

"माझी गाडी दारात असताना आई दुसऱ्याच्या गाडीतून जाणार? लोक काय म्हणतील?" योंदोन ओरडला. लोक काय म्हणत होते ते सगळ्या खिडक्यांतून ऐकू येत होतं. धाकटा त्याच्या गाडीनं पुढे निघून गेला.

दुपार व्हायला आली तशा सासूबाई वर आल्या आणि खदगेची घडी घालायला लागल्या. "राहू दे पोरी. ताईला फोन लावून दे."

माझं डोकंच सणकलं. खाली जाऊन योंदोनच्या काखेतून रिमोट ओढून घेतला, स्वयंपाकघरात आणला आणि सुरीच्या टोकानं स्क्रू काढून पूर्ण उघडला. भपकन आंबूस वास आला. आत दही लागलं होतं. बटणाखाली पांढरा चिकट थर, छान विरजलेला. काय सांगणार सासूबाईंना? तुमच्या आशीर्वादानंच तुमची वाट अडवली म्हणून? त्या दारातच उभ्या होत्या. मी पाठ फिरवली, पाहुण्यांची व्होडका ओतून जुन्या टूथब्रशनं सगळं घासलं, हीटरवर सुकवलं आणि झाकण बसवलं.

खाली येऊन दाबलं. गाडी टुकटुक बोलली.

"बॅटरीच होती!" योंदोन म्हणाला. "नवी बॅटरी रुळायला जरा वेळ लागतो."

"हनुवटीचा परिणाम," काका म्हणाले. "उशिरा होतो."

सासूबाईंनी पळी उचलली तसा मी रिमोट पटकन माझ्या झग्यात खोल सारला. पण त्यांनी चाकांपुरतंच शिंपडलं आणि पळी गुंडाळून ठेवली.

शहर मागे पडलं. पुढे योंदोन बॅटरीवर व्याख्यान देत होता. सासूबाई माझ्या कानाशी वाकल्या.

"तू झाकण उघडलंस तेव्हा वास मलाही आला हो," त्या हळूच म्हणाल्या. "ताईकडे पोचलो की रिमोट टेबलावर ठेवू नकोस. दुधाच्या बाबतीत तिचा हात माझ्याहून सढळ आहे."