दोन साडूंमध्ये अडकलेला निरोप

अहवाल छापून तयार होता. फक्त सही बाकी होती, आणि ती ठिणगीने करायची होती. इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागातली ही सगळ्यांत ज्युनिअर इंजिनिअर. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिने साहेबांना तोंडावर 'हे चूक आहे' असं सुनावलं आणि हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

अहवालात म्हटलं होतं की रक्ततपासणीचे रिपोर्ट वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर पोचत नाहीत, कारण दोन इमारतींमधली केबल खराब आहे. म्हणजे ती टाकणाऱ्या केबलवाल्या काकांना कामावरून काढायचं. बावीस वर्षं या माणसाने गच्च्यांवर चढून, गटारांशेजारी वाकून केबली ओढल्या होत्या. आता ते साहेबांच्या केबिनच्या दाराशी उभे होते आणि त्यांना कोणी बसा म्हणालं नव्हतं. ठिणगीचं डोकं तिथेच तापलं.

आत दोघे सीनियर बसले होते. जुनी इमारत थोरल्याकडे, नवी धाकट्याकडे. हे दोघे साडू. कशावरून बिनसलं ते आता त्यांच्या बायकांनाही आठवत नव्हतं, पण तीन वर्षं अबोला पक्का. ऑफिसचं कामसुद्धा चिठ्ठ्यांवर चाले. आज मात्र केबलला नावं ठेवताना दोघांचा सूर असा जुळला होता की ऐकत राहावं.

"सही कर," साहेब म्हणाले. "केबलची तपासणी तुझ्याकडे होती."

"म्हणूनच करत नाही. केबल चांगली आहे."

"मग रिपोर्ट का पोचत नाहीत?"

तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. सकाळी तिने जुन्या इमारतीतल्या वॉर्डातून लॅबला एक छोटासा निरोप धाडला होता आणि वाटेतल्या प्रत्येक राउटरचा पत्ता मागवला होता. राउटर म्हणजे पत्ता वाचून निरोप पुढे ढकलणारी पेटी. प्रत्येक इमारतीत एकेक. पडद्यावर थोरल्याचा राउटर, मग धाकट्याचा, मग पुन्हा थोरल्याचा, पुन्हा धाकट्याचा, अशा तीस ओळी होत्या. लॅबचा कुठे पत्ताच नव्हता.

"केबल तुटली असती तर निरोप थोरल्या सरांकडेच अडकला असता," ठिणगी म्हणाली. "हा तिच्यावरून इकडून तिकडे, तिकडून इकडे असा एकोणतीस वेळा गेला! तीस ओळींनंतर मीच थांबवलं. दमून मेला बिचारा, पण केबलने त्याला एकदाही पाडलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे टोलवाटोलवी. लॅब गेल्या आठवड्यात तिसऱ्या इमारतीत हलली, आणि तिकडची वाट नव्या इमारतीतून जाते. थोरल्या सरांनी त्यांच्या राउटरला सांगितलं, लॅबसाठी काही आलं की नव्या इमारतीकडे धाड. धाकट्या सरांच्या राउटरला अजून वाटतंय की लॅब जुन्या इमारतीतच आहे. तो परत पाठवतो. वॉर्डाची मागणीच लॅबला पोचत नाही, मग रिपोर्ट येणार कुठून?"

"मी चिठ्ठी पाठवली होती," थोरला छताकडे बघत म्हणाला.

"मला मिळाली नाही. सांगा कोणीतरी यांना," धाकटा खिडकीकडे बघत म्हणाला.

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" ठिणगी उसळली. "तुम्ही एकमेकांशी बोलत नाही आणि नोकरी काकांची जाणार?"

साहेबांनी टेबलावर हात आपटला. "राउटरचं सोमवारी बघू. आज वर अहवाल जायला हवा. सही कर."

"सोमवारपर्यंत नर्सनी कागद घेऊन जिने चढायचे आणि काकांनी घरी बसायचं? जमणार नाही."

धाकट्याच्या राउटरची रोजची देखभाल तीच करायची, त्यामुळे पासवर्ड तिच्याकडे होता. परवानगी मात्र नव्हती. तिला ते ठाऊक होतं. तरी तिने सगळ्यांसमोर एक ओळ लिहिली: लॅबसाठी जे येईल ते तिसऱ्या इमारतीकडे. मग वॉर्डातून पुन्हा निरोप सोडला. पहिली ओळ थोरला, दुसरी धाकटा, तिसरी तिसऱ्या इमारतीतला राउटर, चौथी लॅब. संपलं.

दोन मिनिटांत टेबलावरचा फोन वाजला. रिपोर्ट धडाधड यायला लागलेत, वॉर्डातली सिस्टर सांगत होती.

साहेबांनी फोन ठेवला. त्यांचा आवाज आता मऊ झाला होता, आणि ठिणगीला तो जास्त धोक्याचा वाटला. "हे बघ, न विचारता हात लावलास ते मी विसरतो. तू फक्त लिही, बिघाड आपोआप दुरुस्त झाला. सगळेच सुटतील."

"आपोआप? म्हणजे काकांवरचा संशय तसाच राहील."

"नाहीतर तुझी बदली होईल."

"होऊ दे."

तिने छापील अहवाल उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला चार ओळी लिहिल्या. खाली सही केली, तारीख घातली. मग कागद साहेबांना न देता उठून दाराशी गेली आणि काकांच्या हातात दिला.

"मुली, माझ्यापायी कशाला वाकडं घेतेस?" काका पुटपुटले.

"तुमच्यापायी नाही काका. आज खोट्यावर सही केली तर उद्या माझ्या खऱ्या सहीला कोण विचारील? वाचा."

काकांनी खिशातून चष्मा काढला. ते मनातल्या मनात वाचतील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण ते दारातून आत आले, साहेबांच्या टेबलासमोर उभे राहिले आणि मोठ्याने वाचायला लागले, एकेक शब्द सुटा करत.

"केबल तपासली. केबलमध्ये काहीही दोष नाही. दोष दोन राउटरमधल्या न जुळणाऱ्या मार्गांत होता. तो मी परवानगीविना दुरुस्त केला."

"पुरे," साहेब म्हणाले.

काकांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि दुसरी ओळ पुन्हा वाचली.