निळी भिंत

कौतिक मिस्त्री एकवीस वर्षं शनवारा वेशीजवळच्या कापडाच्या कारखान्यात चोवीस माग सांभाळत होता. कोणता माग कधी बंद पडला, कशानं पडला, सगळं तो जाड पेन्सिलीनं कारखान्याच्या मागल्या भिंतीवर लिहून ठेवायचा. भिंत पार काळी झाली होती.

मग धाकट्या मालकाच्या, हर्षलशेठच्या, डोक्यात कारखाना स्मार्ट करायचं भरलं. त्यासाठी काय काय लागेल याची यादी करायला इंदूरहून वैजयंती मॅडम येणार होत्या.

"मग मिस्त्री लागेल का, शेठ?" कौतिकनं भीत भीत विचारलं.

"वो मॅडम बतायेगी. तू आधी ती भिंत साफ कर. काय घाण करून ठेवलीय!"

पन्नाशीत दुसरं काम कोण देणार? नोकरी टिकावी म्हणून बिचाऱ्या कौतिकनं स्वतः शिडीवर चढून भिंतीला आकाशी ऑइल पेंट दिला, तोही दोन हात.

मॅडम आल्या, फिरल्या आणि म्हणाल्या, "सगळ्यात आधी जुन्या नोंदी लागतील. माग कधी, का बंद पडले त्या. त्यावरच मशिन शिकतं."

"हमारे यहाँ कौन लिखता है!" शेठ हसले.

"मी लिहायचो," कौतिक म्हणाला.

"कुठे आहेत?"

कौतिकनं बोट दाखवलं. भिंत कशी छान चकाकत होती! मॅडमनी नखानं खरवडून पाहिलं.

"निघायचा नाही, मॅडम. दोन हात दिलेत."

मॅडमनी कपाळाला हात लावला आणि यादीत पहिलं कलम लिहिलं: वर्षभर सगळ्या नोंदी कौतिककडून, पहिल्या नोंदीपासून वर्ष मोजायचं.

"आणि वर्षानंतर मी?"

मॅडमनी यादीतलं दुसरं कलम लिहायला घेतलं. कौतिक काय समजायचं ते समजला. शेठनी नवी कोरी डायरी त्याच्या हातात ठेवली. "चल, आजच सुरू कर."

"आज?" कौतिकनं डायरी कपाळाला लावली. "शेठ, पितृपक्ष लागलाय ना. नवं काम?"

स्मार्ट कारखान्याचे मालक दचकले. "अरे हां! रहने दे. घटस्थापनेला सुरू कर."

तेवढ्यात सात नंबरचा माग बंद पडला. कौतिकनं चटकन जाऊन तो चालू केला. सवयीनं हात पेन्सिलीसह भिंतीकडे गेला, थांबला. त्यानं पेन्सिल खिशात घातली. पंधरा दिवस तर पंधरा दिवस, नोकरी तेवढी लांबली.