वरचं नितळ पाणी

धाकटी घरी आली की चप्पल काढायच्या आत ताईचा प्रश्न यायचा, "आज शिरले का गं आत?"

शिरायचे होते ते सोन्याचे कण, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. आणि शिरायचं होतं चरबीच्या फुग्यांत. पेशीभोवती असतं तसंच दोन पदरी आवरण असलेले हे इवले फुगे धाकटी प्रयोगशाळेत रोज बनवायची. त्यांत चमकणारा हिरवा रंग भरायची, वरून कणांचं लालसर पाणी टाकायची आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायची. रंग बाहेर गळून फुगा विझला, की समजायचं कणांनी वाट काढली. उद्या त्याच वाटेने औषधही जाईल.

ताईच्या आजारात औषध पेशींच्या आत पोचतच नव्हतं. राहिला होता एक जुना, जहाल उपचार. डॉक्टरांनी गेल्या वर्षी स्पष्टच सांगितलं होतं, तीन महिन्यांत तो घेतला तर निम्मी आशा आहे, नंतर काही उरणार नाही.

नेमके त्याच आठवड्यात धाकटीचे फुगे पहिल्यांदा विझले. तिला हर्षवायू व्हायचाच बाकी होता. फुग्याचा फोटो छापून तिने फ्रिजवर चिकटवला. ताई म्हणाली, "मग मी तुझ्या औषधासाठीच थांबते. केस गळायचे, उलट्या व्हायच्या, सांगितलंय कुणी?"

फुग्यापासून औषधापर्यंत पोचायला दहा वर्षं लागतात, हे धाकटीला पाठ होतं. एरवी चुरूचुरू बोलणाऱ्या बाईची ऐन वेळी दातखीळ बसली. कौतुक गोड लागत होतं, दुसरं काय!

आज सकाळी यंत्रांची देखभाल करणाऱ्या काकांनी भलत्याच कुणाच्या नळ्यांबरोबर तिची कणांच्या पाण्याची नळीही गरगर फिरवायच्या यंत्रात घातली आणि गुपचूप जागेवर आणून ठेवली. सूक्ष्मदर्शकाची खोली अंधारी. धाकटीने थेंब घेतला, टाकला, फुगे नेहमीसारखे एकेक करून विझले. खुशीत तिने दिवा लावला, तर नळीच्या तळाशी लाल गोळा. सगळं सोनं खाली बसलं होतं. तिने टाकलं होतं ते वरचं नितळ पाणी.

मग फुगे विझवले कुणी?

कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्या पाण्यात साबणासारखं एक द्रव्य घातलेलं असतं. साबण चरबीचं काय करतो, ते भांडी घासणारं कुणीही सांगेल. तुलनेसाठी तिने दरवेळी साधं पाणी टाकून पाहिलं होतं. कणांशिवायचं हे पाणी टाकून बघायचं तिला वर्षभरात एकदाही सुचलं नव्हतं. तिने कण धुतले, साबण काढून टाकला, पुन्हा टाकले आणि दुपारपर्यंत बघत बसली. फुगे हिरवेगार, ठणठणीत. एकाही फुग्याला कणांनी धक्का लावला नाही. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलंच बघा मॅडम," काका दारातून म्हणाले. "वाया गेलं का हो काही?"

"सगळंच," ती म्हणाली.

ती घरी आली, चप्पल अजून पायातच होती.

"आज शिरले का गं आत?"

शिरले म्हणणं सोपं होतं, जिभेवर आलंही होतं. पण एकदा गप्प बसून तिने काय करून ठेवलं होतं, ते समोर खुर्चीत शाल पांघरून बसलं होतं.

"ताई, ते कधीच शिरले नव्हते गं. सगळं साबणाने केलं होतं."

ताईने अंगावरची शाल बाजूला सारली. "म्हणजे वर्षभर मी साबणासाठी थांबले?"

हिने आता भांडावं, हातात येईल ते फेकून मारावं, असं धाकटीला फार वाटलं. ताई भांडली नाही. भिंतीला धरत ती फ्रिजपर्यंत गेली, फोटो काढला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"उद्या आपण डॉक्टरांकडे जाऊ या," ती म्हणाली. "केस गळले तरी चालेल मला."